पठ्ठे बापूराव

पठ्ठे बापूराव : (११ नोव्हेंबर १८६६–२२ डिसेंबर १९४५). विख्यात मराठी शाहीर, लावणीकार व तमाशाच्या फडाचे प्रमुख. मूळ नाव श्रीधर कृष्ण कुलकर्णी. त्यांचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या कृष्णाकाठच्या गावी झाला. हा तालुका सध्या सांगली जिल्ह्यात मोडतो. जन्माने ब्राह्मण व वृत्तीने कुलकर्णी असलेल्या बापूरावांनी गावकीतील आपले स्थान सोडून तमाशाचा व्यवसाय पतकरला. सुमारे अर्धशतकभर त्यांच्या लावण्या, गौळणी व वग महाराष्ट्रभर गाजत होते. शब्द आणि चाल यांचा कर्ता एकच असणे, ती रचना फडाबरोबर गावोगाव जाणे आणि मुखोमुखी पसरत अखेर लोकांच्या मालकीची होणे, ही लोकप्रिय गीताची जुनी वाटचाल होती. या परंपरेतील अखेरच्या थोर रचनाकारांत बापूरावांची गणना होते. त्याचबरोबर तिकीट काढून नाट्यगृहात येणाऱ्या शहरी श्रोत्यांसाठी रचना करणाऱ्या आरंभीच्या मराठी गीतकारांतही त्यांचा अंतर्भाव करावा लागतो. या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर ते उभे होते आणि त्यांच्या कीर्तीचे व विपन्नावस्थेचे मूळही बऱ्याच अंशी याच परिस्थितीत होते.

प्रदेश व पूर्वपरंपरा : १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर त्याचा जिल्हा करण्यात आला. वाळवे, तासगाव इ. भाग त्यात समाविष्ट होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. त्यामुळे जुन्या लेखनात बापूरावांचा उल्लेख साताऱ्याचे शाहीर असा, तर नव्या लेखनात सांगली जिल्ह्याचे सुपुत्र असा आढळतो. कृष्णा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश तमाशाची एक मोठी खाणच होय. वगनाट्याचा आरंभ ज्यांच्या ‘मोहना-बटाव’ या वगापासून मानला जातो, ते उमा बाबू हे तासगाव तालुक्यातील सावळजचे. कवलापूर हे सांगलीजवळचे गावही तेथील तमाशाच्या फडांमुळे प्रसिद्धीस आले.

लावणीचा बहर पेशवाईच्या उत्तरकाळात होता. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ व प्रभाकर या शाहिरांना सरदार-सावकारांचा आणि प्रत्यक्ष पेशव्यांचाही आश्रय लाभला. यांपैकी राम जोशी व अनंत फंदी हे ब्राह्मण होते. त्यामुळे ब्राह्मणाने डफ-तुणतुणे हाती घेण्याचा प्रकार बापूरावांपासून सुरू झाला, असे म्हणता येत नाही. तथापि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हा आश्रय तुटला. तमाशाला गावोगावच्या जत्रा, उरूस व गावकऱ्यांनी दिलेली सुपारी यांवर निर्वाह करावा लागला. महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांतील कलावंतांनी तो कष्टाने जिवंत ठेवला. नवशिक्षित पांढरपेशा वर्ग मात्र त्याकडे असभ्य करमणूक म्हणून पाहू लागला. संगीत नाटकांचा उदय झाल्यावर (१८८० पासून) हा दुरावा अधिकच वाढला. अशा काळात एका कुलकर्ण्याने फडात उतरणे ही गोष्ट राम जोशींच्या काळापेक्षा पुष्कळच गंभीर होती. राम जोशींना पंडितांचा व सरदारांचा दरबार खुला होता. बापूरावांना परतीची वाट जवळजवळ बंद होती.

बालपण व शिक्षण : बापूरावांचे घराणे गरीब होते. गावातील प्राथमिक शिक्षण संपल्यावर औंध संस्थानच्या आश्रयामुळे त्यांना औंध येथे इंग्रजी शिक्षणाची संधी मिळाली. परंतु हे शिक्षण पूर्ण होऊ शकले नाही. आईवडिलांच्या निधनानंतर ते गावी परतले आणि वडिलोपार्जित कुलकर्णी वतनाचे काम पाहू लागले. कुलकर्णी हा गावचा हिशेबनीस असे. जमीनमहसुलाचे दप्तर त्याच्या ताब्यात असल्याने पाटलाखालोखाल त्याचा मान असे. लेखणी चालविण्याचा सराव, शब्दांचा साठा आणि गावातील सर्व जातीजमातींशी नित्याचा संबंध या गोष्टी बापूरावांना या वृत्तीमुळे लाभल्या.

त्यांच्या काव्यरचनेचा उगम जात्यावरील ओव्यांत असल्याचे सांगितले जाते. पहाटे दळण दळताना स्त्रिया गात त्या ओव्या ऐकून, त्यांच्या वळणावर ते लहानपणी स्वतःची कवने रचीत. या आख्यायिकेस त्यांच्या रचनेतही आधार सापडतो. बोलीतील क्रियापदे, घरगुती उपमा आणि कडव्याच्या शेवटी सहज जुळून येणारे यमक हे त्यांच्या लावणीचे विशेष ओवीच्या जवळचे आहेत.

फडात प्रवेश : प्रथम बापूराव गावातील तमाशासाठी लावण्या रचून देत. कवनकाराने पडद्याआड राहून रचना देणे ही गोष्ट गावास एक वेळ चालण्यासारखी होती. परंतु पुढे ते स्वतःच फडाबरोबर उभे राहू लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कलावंतांबरोबर राहणे, खाणेपिणे व गाणे यांमुळे त्यांच्यावर नातलगांचा व गावकऱ्यांचा रोष ओढवला. अखेर घर व वतन यांचा मोह सोडून ते तमाशात कायमचे सामील झाले. आपण ब्राह्मण असून सोवळे बाजूला ठेवले व तमाशाची वाट धरली, असे त्यांनी एका प्रसिद्ध रचनेत स्वतःच सांगितले आहे. तीत पश्चात्तापाचा सूर नसून एक प्रकारची प्रतिज्ञा आहे.

पठ्ठा हा शब्द मराठीत तालमीतील वस्तादाच्या शागिर्दास किंवा धडाडीच्या तरुणास लावतात. ‘पठ्ठे बापूराव’ या बिरुदाने श्रीधर कुलकर्णी हे मूळ नाव इतके झाकोळले गेले, की पुढे ते केवळ चरित्रकारांपुरतेच उरले.

पवळा : बापूरावांच्या जीवनाची व कलेची हकीकत पवळा (१८७०–१९३९) या नर्तकीवाचून पूर्ण होत नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील महार कुटुंबात तिचा जन्म झाला. तमाशातील स्त्रीभूमिका त्या काळी सामान्यतः ‘नाच्या पोऱ्या’ म्हणजे स्त्रीवेष घेतलेला मुलगा करीत असे. तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्री-कलावंतांत पवळेची गणना होते. रूप, आवाज व अदाकारी या तिन्ही गुणांमुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले आणि ‘नामचंद पवळा’ अशी तिची ख्याती पसरली. बापूरावांची रचना व पवळेची अदा यांच्या संयोगाने त्यांचा फड अग्रगण्य ठरला.

ब्राह्मण शाहीर व महार नर्तकी यांचे हे सहजीवन दोन्ही बाजूंच्या समाजांत खळबळ उडविणारे ठरले. त्यांच्या खेळांना होणाऱ्या गर्दीत कलेच्या ओढीबरोबरच हे अपूर्व जोडपे पाहण्याचे कुतूहलही होते. या प्रसिद्धीचे ओझे मात्र दोघांवर सारखे पडले नाही. बापूरावांच्या वाट्यास बहिष्कार आला, तसाच त्यागी कलावंत म्हणून गौरवही आला. पवळेकडे मात्र रसिक व टीकाकार या दोघांनीही बहुधा भोग्य वस्तू म्हणूनच पाहिले. जुन्या चरित्रात्मक लेखनात ती केवळ बापूरावांची प्रेरणा म्हणून येते. अलीकडे तिच्या स्वतंत्र कर्तृत्वाची दखल घेतली जाऊ लागली आहे. इतिहाससंशोधक शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात (२०२२) जात, स्त्रीदेह व कलेची प्रतिष्ठा यांच्या संदर्भात पवळेच्या जीवनाचा विचार केला आहे.

पुढे बापूराव व पवळा यांची फारकत झाली. त्यानंतर पूर्वीची रंगत फडास पुन्हा आली नाही. लावणीचे अर्धे अस्तित्व शब्दांत व चालीत असते, तर अर्धे ती सादर करणाऱ्या स्त्रीच्या अदेत असते. पवळा गेल्यावर फडाची जी हानी झाली, तीवरून तिच्या कलेची थोरवी कळून येते.

मुंबई व नाट्यगृहातील तमाशा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील कापडगिरण्यांत कोकण व सातारा या भागांतून मोठ्या संख्येने मजूर आले. कुटुंब गावी आणि कामकरी पुरुष शहरातील खोलीत, अशी त्यांची स्थिती होती. या लोकवस्तीने तमाशाला नवा श्रोता दिला. गावच्या जत्रेत खुल्या मैदानात होणारा तमाशा आता तिकीट लावून बंदिस्त नाट्यगृहात होऊ लागला. मुंबई व पुणे येथील अशा नाट्यगृहांतून बापूरावांचा फड गाजला.

या बदलाचे परिणाम दूरगामी होते. जत्रेतील खेळ रात्रभर चाले व त्याचा मोबदला गाव ठरवून देई. शिवाय खूश झालेला रसिक दौलतजादा करी, म्हणजे आवडत्या लावणीवर पैसे उधळी. नाट्यगृहात वेळेचे बंधन आले आणि उत्पन्नाची वाटणी करणारा ठेकेदार आला. त्याच त्या प्रेक्षकांना वारंवार ओढण्यासाठी नित्य नव्या रचनांची गरज भासू लागली. बापूरावांच्या रचनेचा वेग व विपुलता यांचे एक कारण या मागणीत शोधता येते. शहरी जीवन हा लावणीचा विषयही झाला. त्यांची ‘मुंबईची लावणी’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. शहराचे वैभव आणि त्याची भुरळ पाडणारी शक्ती यांचे, गावाकडून आलेल्या माणसाच्या नजरेतून टिपलेले चित्र तीत आढळते.

राजाश्रय : कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे कुस्ती, नाटक व शाहिरी यांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्यापुढे बापूरावांनी १९०८-०९ च्या सुमारास ‘मिठाराणी’ हा वग सादर केला. जातिभेदाविरुद्ध उघड भूमिका घेणाऱ्या राजाने ब्राह्मण शाहिराच्या व महार नर्तकीच्या कलेस मान द्यावा, ही घटना महत्त्वाची होय. मात्र हा आश्रय प्रसंगपरत्वे मिळणारा होता. पेशवाईतील शाहिरांप्रमाणे नेमणूक वा इनाम देऊन पोसणारी व्यवस्था बापूरावांच्या काळी उरलेली नव्हती.

रचना : तमाशाच्या खेळास ठरावीक क्रम असतो. आरंभी गणेशाचे स्तवन करणारा गण, त्यानंतर कृष्ण, पेंद्या, मावशी व गवळणी यांचा विनोदी प्रसंग असलेली गौळण, मग लावण्या व सवाल-जवाब, त्यापुढे वग आणि शेवटी मुजरा, असा तो सामान्यतः असतो. बापूरावांनी या सर्वच अंगांसाठी विपुल रचना केली.

त्यांचे गण व भेदिक लावण्या त्यांच्या व्यासंगाची साक्ष देतात. भेदिक लावणीत वेदान्त, पुराणे व सृष्टीची उत्पत्ती यांविषयीची कोडी घालून प्रतिपक्षास उत्तर देण्याचे आव्हान करण्यात येते. अशा झगड्यात शाहिराची बहुश्रुतता व हजरजबाबीपणा पणास लागे. गौळणींमध्ये त्यांनी कृष्णकथेचा आधार घेऊन खेड्यातील सासुरवाशिणीचे, बाजारहाटाचे व थट्टामस्करीचे चित्रण केले. शृंगारिक लावणीत चौकाची, छक्कड, बालेघाटी असे प्रकार त्यांनी हाताळले. छक्कड ही आटोपशीर व खटकेबाज असते. बालेघाटीत विरहाची आर्तता संथ चालीत व्यक्त होते, तर चौकाच्या लावणीत चौकागणिक कथन विस्तारत जाते. त्यांच्या शृंगारात धीटपणा आहे व त्यामुळे अश्लीलतेचा आरोपही त्यांच्यावर झाला. तथापि त्यांच्या उत्तम लावण्यांत स्त्रीच्या मनातील हुरहुर, मत्सर व अभिमान यांचे सूक्ष्म रंग आढळतात. वगातील गद्य संवाद नट आयत्या वेळी रचीत. कथानकाचा सांगाडा व पद्ये मात्र शाहिराची असत.

बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या, असे परंपरेने सांगितले जाते. पन्नास वर्षांच्या कारकीर्दीत ही संख्या गाठावयाची, तर दररोज सरासरी अकरा लावण्या रचाव्या लागतील. तेव्हा हा आकडा शब्दशः घेता येत नाही. मात्र तो निव्वळ निरर्थकही नाही. मौखिक परंपरेत एकाच लावणीची अनेक रूपे होतात आणि प्रत्येक खेळात कडवी वाढतात वा बदलतात. शिवाय थोर शाहिराच्या नावावर इतरांची रचनाही जमा होत जाते. दोन लाख हा आकडा म्हणजे ‘मोजता येणार नाहीत इतक्या’ हे सांगण्याची लोकांची रीत होय. प्रत्यक्षात हाती असलेल्या त्यांच्या रचना यापेक्षा कितीतरी कमी आहेत. त्यांच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले. परंतु ज्या रचना कोणीच लिहून ठेवल्या नाहीत, त्या गायकांबरोबर लोपल्या.

संगीत : फडातील लावणीची साथ ढोलकी, हलगी, तुणतुणे व मंजिरी या वाद्यांनी होई. पुढे पेटीही आली. मुख्य गायकाच्या मागे उभे राहून सुरत्ये झील धरीत, म्हणजे ओळीचा अखेरचा भाग उंच स्वरात उचलून धरीत. या झिलीमुळे ध्वनिवर्धक नसतानाही हजारोंच्या मेळाव्यात शेवटच्या माणसापर्यंत गाणे पोहोचे. छंदोदृष्ट्या बहुसंख्य लावण्या आठ मात्रांच्या आवर्तनाच्या, म्हणजे पद्मावर्तनी आहेत. या आवर्तनात ढोलकीच्या बोलांना वाव मिळतो आणि शब्दही स्पष्ट राहतात. बापूरावांची रचना नाचणाऱ्या पावलांसाठी केलेली असल्यामुळे आघाताच्या जागी जोडाक्षरे व कठोर व्यंजने आणि अदेच्या जागी लांबविता येणारे दीर्घ स्वर योजण्याचे कौशल्य तीत दिसते. कागदावर वाचताना साधी वाटणारी ओळ ढोलकीवर ऐकली, की तिचे मर्म कळते. याच कारणास्तव त्यांच्या चाली व त्यांचे शब्द यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही.

कर्तृत्वाचा हक्क : विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात गीतकारांच्या व संगीतरचनाकारांच्या हक्कांना संघटित रूप येत होते. फ्रान्समध्ये अशी संस्था १८५१ मध्येच स्थापन झाली होती. जर्मनीत रिखार्ट श्ट्राउस व त्याचे सहकारी यांच्या पुढाकाराने संगीतरचनाकारांची संस्था १९०३ मध्ये निघाली. रचना जाहीरपणे वाजविली गेली, की तिच्या कर्त्यास मोबदला मिळावा, हे तिचे तत्त्व होते. त्यामुळे जर्मनीतील लोकप्रिय गीतांचा रचनाकार स्वतः रंगमंचावर न येताही आपल्या रचनेवर उपजीविका करू शके. भारतात स्वामित्वहक्काचा कायदा १९१४ मध्ये झाला. परंतु तमाशाच्या फडापर्यंत तो पोहोचण्याची शक्यता नव्हती. गीतकार व संगीतकार यांच्या हक्कांसाठीची भारतीय संस्था तर १९६९ मध्ये, म्हणजे बापूरावांच्या निधनानंतर चोवीस वर्षांनी स्थापन झाली.

शाहिराजवळ कर्तृत्व सांगण्याचे एकच साधन होते व ते म्हणजे नाममुद्रा. लावणीच्या अखेरच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची ही रीत संतांच्या अभंगांइतकीच जुनी आहे. नाममुद्रेमुळे रचना कोणाची हे कळे. पण तिचा मोबदला मिळण्याची सोय तिच्यात नव्हती. बापूरावांच्या लावण्या दुसरे फड गात व त्यांवर बिदागी मिळवीत. कित्येकदा अखेरचे कडवे गाळले जाई व त्याबरोबर कर्त्याचे नावही नाहीसे होई. शाहीर रोज रात्री बोर्डावर उभा राही तोवरच त्याला उत्पन्न मिळे. फड मोडला की गाणी गावोगाव फिरत राहत आणि कर्ता रिकाम्या हाताने मागे उरे.

महाड सत्याग्रह व देणगीचा प्रसंग : महाड येथील सत्याग्रहाच्या वेळी (१९२७) आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीस देण्याची तयारी बापूरावांनी दाखविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती स्वीकारली नाही. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्यासाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. या प्रसंगाचा अर्थ दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. बापूरावांच्या दृष्टीने ज्या समाजात ते आयुष्यभर राहिले, त्याविषयीच्या आपलेपणाची ती खूण होती. आंबेडकरांच्या दृष्टीने मात्र तमाशा ही निव्वळ कला नव्हती. जातिव्यवस्थेने विशिष्ट समाजांतील स्त्रियांवर लादलेली ती वृत्ती होती व तिच्यातून सुटका हा मुक्तीचाच एक भाग होता. बापूरावांनी जात सोडली ती स्वेच्छेने. त्यांच्या फडातील स्त्रियांना असा पर्याय नव्हता. हा भेद बापूरावांच्या त्यागाचे वर्णन करताना पुष्कळदा विसरला जातो.

उत्तरायुष्य : बापूरावांचा उत्तरकाल हलाखीत गेला. १९३१ मध्ये भारतात बोलपट सुरू झाला व १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला. शहरी प्रेक्षकांपुढे नवी व स्वस्त करमणूक आली आणि तमाशाच्या उत्पन्नास ओहोटी लागली. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी गाण्याला बाजारपेठ मिळवून दिली; परंतु तिचा लाभ जुन्या शाहिरांना क्वचितच झाला. उतारवय, फडाची वाताहत व पैसा साठविण्याची वृत्ती नसणे यांमुळे बापूराव निर्धन झाले. ज्यांच्या नावावर एके काळी नाट्यगृहे भरत, त्यांना अखेरच्या दिवसांत इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. पुणे येथे २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रभाव : त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा ‘रामजोशी’ (१९४७) हा चित्रपट आला व मराठी चित्रपटांत लावणीचे युग सुरू झाले. बापूरावांच्या जीवनावरही ‘पठ्ठे बापूराव’ (१९५०) हा चित्रपट निघाला. चित्रपटांतील लावणीच्या जडणघडणीत सातारा-सांगलीच्या मातीतील कलावंतांचा मोठा वाटा आहे. ‘रामजोशी’शी निगडित असलेले ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) हे आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मले. बापूरावांप्रमाणे तेही औंधला शिकले होते. ‘सोंगाड्या’ (१९७१) व ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांचे संगीतकार राम कदम (१९१६–९७) हे मिरजेचे. या काळात मात्र एका शाहिराची कामे विभागली गेली. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आवाज पार्श्वगायिकेचा आणि अदा नटीची, अशी वाटणी झाली. प्रत्येकाचे नाव पडद्यावर झळकू लागले. बापूरावांच्या फडात यांतील पहिली दोन कामे एकच व्यक्ती करी आणि शेवटची दोन एकच स्त्री.

वाळवे तालुक्यातीलच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्यातून कामगारांची बाजू मांडली. त्यांनीही मुंबईवर लावणी रचली. बापूरावांना त्या शहराची भुरळ दिसली, तर अण्णा भाऊंनी मलबार हिलची श्रीमंती व कामगारवस्तीतील दैन्य समोरासमोर ठेवले. एकाच तालुक्यातील दोन शाहिरांच्या या दोन लावण्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, तर मराठी श्रमिकांच्या मुंबईविषयीच्या जाणिवेत घडलेला बदल स्पष्ट होतो. सातारा जिल्ह्यातील पसरणीचे शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांनी गण, गौळण व लावणी हे प्रकार नागर रंगमंचावर आणले, तर कवलापूरचे काळू-बाळू यांनी तंबूतील वगनाट्याची परंपरा दीर्घकाळ चालविली.

मूल्यमापन : बापूरावांच्या सर्वच रचना सारख्या तोलाच्या नाहीत. नित्य नव्या लावणीच्या मागणीमुळे पुष्कळ ठिकाणी तीच ती वर्णने व ठरावीक यमके आलेली दिसतात. पेशवाईतील श्रेष्ठ लावणीकारांच्या संस्कृतप्रचुर डौलाची अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही. तथापि बोलभाषेची लय ढोलकीच्या बोलांत बसविणे, खेड्यातील अनुभव शहरी श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे आणि पडत्या काळात तमाशाला भरघोस काव्याचा आधार देणे, या बाबतींत त्यांच्या तोडीचा शाहीर त्या काळात क्वचितच आढळतो. गण-गौळणीच्या रूपाने त्यांची रचना तमाशात टिकून राहिली. ती गाणाऱ्यांपैकी अनेकांना तिचा कर्ता ठाऊक नसे. लोककवीच्या यशाची ही परमावधी होय आणि त्याच्या उपेक्षेचे कारणही तेच होय. त्यामुळे बापूरावांच्या अभ्यासात रचनांचे संकलन व पाठनिश्चिती यांना जितके महत्त्व आहे, तितकेच त्या रचना ज्यांच्या आवाजातून व पावलांतून लोकांपर्यंत गेल्या, त्या पवळेसारख्या कलावंतांच्या कार्याची नोंद करण्यालाही आहे.